ठकी, स्वयंपाकघर आणि दाबाने बसणारे गेट : एक परीक्षण

दाराच्या चौकटीला भोक न पाडता, दोन्ही बाजूंच्या चार स्क्रूंच्या दाबावर उभे राहणारे लोखंडी गेट मुळात रांगत्या मुलांना जिन्यापासून आणि चुलीपासून दूर ठेवण्यासाठी बनवले गेले. कुत्री पाळणाऱ्यांनी ते पुढे आपलेसे केले आणि आता त्यांच्यासाठी ते उंच मापातही मिळते. ठाण्याला पाचपाखाडीतल्या आमच्या घरी असे उंच गेट स्वयंपाकघराच्या तोंडाशी बसवून एक अख्खा पावसाळा आणि गणपती पार पडले आहेत, त्यामुळे त्याविषयी आता ठामपणे लिहिता येईल. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही. एकाच घडणीची, केवळ रंग आणि खोक्यावरचे नाव निराळे असलेली गेटे बाजारात इतकी आहेत की नावापेक्षा त्याची कडी कशी आहे, हे पाहणेच जास्त उपयोगाचे ठरते.

आमची ठकी देशी कुत्री आहे. अंगाने सडपातळ, पायांनी लांब आणि घरातल्या कोणत्या माणसाकडून कोणत्या वेळी काय मिळते याचा हिशेब चोख ठेवणारी. तिला घरभर मोकळीक आहे, फक्त दोन जागा वर्ज्य आहेत : एक स्वयंपाकघर, ज्याला आमच्याकडे दारच नाही, नुसती चौकट आहे, आणि दुसरी सासूबाईंची खोली, जिथे देव आहेत आणि उशाशी औषधांचा डबा आहे. ही बंदी सोवळ्याओवळ्यापोटी आहे असा पाहुण्यांचा समज होतो आणि सासूबाईंच्या बाबतीत तो थोडासा खराही आहे, पण खरे कारण निराळे आहे. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, मग ते कच्चे असोत की फोडणीत परतलेले. द्राक्षे, मनुका आणि बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि शिऱ्यात किंवा प्रसादाच्या वाटीत बेदाणे असतातच. चॉकलेटचे सर्वांना ठाऊक असते. देवघराचे मात्र सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. कापूर कुत्र्याला विषारी आहे. तुपात भिजवलेली फुलवात त्याला खाऊच वाटते आणि गिळलेला कापूस आतड्यात अडकू शकतो. सांधेदुखीसाठी माणसे सहज घेतात ती आयब्युप्रोफेनची गोळी कुत्र्याच्या पोटात व्रण पाडते आणि मूत्रपिंडांनाही इजा करते. कपाटातल्या डांबरगोळ्याही याच यादीतल्या. तेव्हा या दोन खोल्यांचे दार बंद असणे ही शिस्तीची बाब नसून सुरक्षिततेची आहे, आणि गेटाचे परीक्षणही त्याच कसोटीवर करायला हवे.

कुत्रा हुशार आहे म्हणजे नेमके काय, हे समजले नाही तर गेट निवडताना भलत्याच गोष्टीकडे लक्ष जाते. दुकानात प्रत्येक जण गेट हलवून पाहतो, ते किती मजबूत आहे याचा अंदाज घेतो. ठकीसारखी कुत्री गेट मोडत नाहीत, ती ते उघडतात. ब्रिस्टॉलमध्ये शिकवणारे कॉनवी लॉइड मॉर्गन यांनी १८९४ साली आपल्या टोनी नावाच्या फॉक्स टेरिअरचे एक निरीक्षण नोंदवले होते. टोनी कुंपणाच्या गजांतून डोके बाहेर काढून रस्ता पाहत असे. असे करताना एकदा त्याचे डोके कडीखाली आले, कडी उचलली गेली आणि गेट उघडले. नंतर तो हळूहळू नेमक्या त्याच जागी डोके घालू लागला आणि पाहणाऱ्याला वाटावे की या कुत्र्याला कडीचे तंत्र उमगले आहे. मॉर्गन यांचे म्हणणे असे की त्याला काहीच उमगलेले नव्हते. चुकतमाकत जे एकदा साधले ते त्याने धरून ठेवले, एवढेच. पुढे १८९८ मध्ये अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक यांनी मांजरे आणि कुत्री खटक्याच्या पेटीत ठेवून, बाहेर खाणे मांडून, सुटकेला लागणारा वेळ मोजला. तो वेळ हळूहळू कमी होत गेला. दुसऱ्या प्राण्याला सुटताना नुसते पाहून मात्र कुणी काही शिकले असे त्यांना आढळले नाही.

घरच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. कुत्र्याला कडी समजण्याची गरज नाही. ती कडी नाकाने, पंजाने किंवा अंगाच्या धक्क्याने योगायोगाने एकदा उघडू शकत असेल, तर ती पुढे रोज उघडेल. म्हणून गेट घेताना विचारायचा प्रश्न हाच, की अपघाताने हे उघडू शकते का.

आमच्या गेटाची कडी या परीक्षेत पूर्ण उतरते. वरच्या आडव्या पट्टीच्या टोकाला प्लॅस्टिकची मूठ आहे आणि मुठीच्या माथ्यावर अंगठ्याने मागे सरकवायचा एक खटका. खटका मागे ओढून धरायचा आणि तो तसाच धरून पूर्ण दार बोटभर वर उचलायचे, तेव्हा खालची खुंटी तिच्या खाचेतून सुटते आणि मगच दार फिरते. दोन हालचाली, दोन निरनिराळ्या दिशांना, आणि त्याही एकाच वेळी. पंजा खटका एखादे वेळी मागे ढकलू शकेल, नाक दार एखादे वेळी वर उचलू शकेल, पण दोन्ही एकत्र जमायला अंगठा लागतो. ठकीने सुरुवातीला सगळे करून पाहिले. गजांमध्ये नाक घालून वर रेटणे झाले, दोन पायांवर उभे राहून मूठ चाटणे आणि चावणे झाले, पंजाने खालची पट्टी ओढणे झाले. मुठीवर तिच्या दातांच्या बारीक खुणा अजून आहेत. दार जागचे हलले नाही, आणि जे कधीच साधत नाही त्याचा नाद ती सोडते, हेही दिसून आले. याउलट ज्या गेटांना नुसती वरून खाली पडणारी कडी असते, किंवा एका बाजूला दाबले की सुटणारा खटका असतो, ती टोनीच्या गेटाचीच भावंडे आहेत आणि हुशार कुत्र्यासाठी ती घेऊ नयेत.

उंचीचा निर्णय कुत्र्याच्या वजनावरून नव्हे, त्याच्या स्वभावावरून करावा. नेहमीच्या मापाची गेटे ७५ ते ७८ सेंटिमीटर उंच असतात आणि उंच मापाची साधारण १०५ च्या आसपास. आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर एक प्रौढ, जाडजूड लॅब्रॅडॉर आहे; तो आमच्या ठकीच्या दुप्पट वजनाचा असेल, पण ठेंगण्या गेटापुढे तो मुकाट्याने बसून राहतो, कारण उडी मारणे हा त्याच्या आयुष्याचा विषयच नाही. ठकीला तेवढी उंची म्हणजे दिवाणावर चढण्याइतकी सोपी आहे. देशी कुत्री, जर्मन शेफर्ड, डॉबरमन अशांसाठी उंच मापच घ्यावे. गज उभेच असावेत; मध्ये आडवी नक्षी किंवा आडवी पट्टी असेल तर पुढच्या पायाला आयती पायरी मिळते. दोन गजांतले अंतरही पाहून घ्यावे. ठकीचे डोके आमच्या गजांतून जात नाही, पण पिल्लू किंवा पॉमेरेनियन असेल तर ते सगळे अंगच आरपार काढील.

बसवणे सोपे आहे असे खोक्यावर छापलेले असते. ते खरे आहे, पण आपल्याकडच्या चौकटी डोळ्यांपुढे ठेवून कुणी ते लिहिलेले नाही. गेट खोक्यातून काढले की पहिल्या नजरेला ते सदोष वाटते : दाराच्या मुठीची बाजू आणि चौकटीचा खांब यांच्यामध्ये बोटभर फट दिसते आणि कडी खाचेपर्यंत पोचतच नाही. या एका कारणाने गेट परत पाठवणारे लोक मला माहीत आहेत. चौकट मुळात तशी उघडीच ठेवलेली असते. चारही बाजूंचे स्क्रू भिंतीवर घट्ट केले की खांब आत दाबले जातात आणि फट मिटते. स्क्रू आवळताना आधी खालचे दोन, मग बिजागरीच्या बाजूचा वरचा आणि शेवटी मुठीच्या बाजूचा वरचा, असा क्रम ठेवला आणि मधून मधून कडी लागते का हे पाहत गेले, म्हणजे त्रास होत नाही. बिजागरीचा खांब ओळंब्यात असणे मात्र अत्यावश्यक आहे. दार आपोआप मिटण्याची जी सोय आहे, ती त्या खांबाच्या सरळपणावर अवलंबून असते. खांब थोडा कलला तरी दार अर्ध्यावर येऊन थांबते. माणूस पाठ फिरवून निघून जातो आणि कुत्रा आत जातो. आमच्या चौकटीत तळाशी स्कर्टिंगची फरशी पुढे आलेली असल्यामुळे खालचे स्क्रू वरच्यांपेक्षा कमी बाहेर काढावे लागले. मोजमाप घेताना रुंदी वर आणि खाली अशा दोन्ही ठिकाणी घ्यावी, असे मी म्हणेन. रुंदी कमी पडली तर जोडपट्टी मिळते, पण एकापुढे एक जोडपट्ट्या लावत गेले की गेट लवचीक होते.

खरी अडचण संगमरवराची. ठाण्यातल्या बहुतेक फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराच्या आणि न्हाणीघराच्या चौकटी ग्रॅनाइटच्या किंवा संगमरवराच्या, चांगल्या घोटलेल्या असतात. स्क्रूच्या टोकाची रबरी गादी अशा पृष्ठभागावर घसरते. त्यासाठी चार प्लॅस्टिकच्या वाट्या देतात. त्या चौकटीला चिकटवायच्या आणि गादी त्यांच्या आत बसवायची. सोबत येणारी दुहेरी चिकटपट्टी जूनपर्यंत उत्तम टिकली आणि पावसाळ्यात ओल धरताच वरच्या एका वाटीपाशी सुटू लागली. त्या वेळी ठकी दारावर पुढचे पाय टेकून उभी होती आणि गेट दाणकन एका बाजूला सरकले. दगड स्पिरिटने पुसून, पूर्ण कोरडा करून, हार्डवेअरच्या दुकानातली चांगली ॲक्रिलिक फोमची पट्टी लावल्यावर ते पुन्हा हललेले नाही. लाकडी चौकटीवर हा प्रश्न येत नाही, तिथे वाटीला स्क्रूही मारता येतो. मात्र पावसात लाकूड फुगते आणि दिवाळीनंतर आक्रसते, त्यामुळे दाब बदलतो. दोन्ही प्रकारांत महिन्याकाठी एकदा पाना फिरवून पाहणे इष्ट. एवढ्या किमतीच्या वस्तूसोबत दमट हवेत न टिकणारी चिकटपट्टी देणे हा माझ्या मते या गेटाचा सर्वांत मोठा दोष आहे.

वापरातल्या बाकीच्या तक्रारी किरकोळ आहेत, एक सोडून. ती एक म्हणजे तळाची पट्टी. दाबावर बसणाऱ्या गेटाची चौकट इंग्रजी यू अक्षरासारखी असते आणि तिची तळाची बाजू जमिनीवर आडवी, दोनेक सेंटिमीटर वर आलेली राहते. आपल्याला उंबऱ्याची सवय आहे हे खरे, पण उंबरा रुंद असतो आणि नजरेत भरतो; ही बारीक पांढरी पट्टी पांढऱ्या फरशीवर दिसत नाही. हातात गरम आमटीचे पातेले असताना पाय अडखळला तर काय होईल ते सांगायला नको. मी तिच्यावर लाल रंगाची टेप लावून घेतली. शिवाय चौकटीच्या रुंदीतून दोन्ही खांब वजा जाता प्रत्यक्ष जाण्यायेण्याची वाट बरीच अरुंद होते. गॅसचा सिलिंडर आडवा धरून नेता येत नाही आणि वॉकर घेऊन चालणाऱ्या माणसाला ते गेट ओलांडणे शक्यच नाही. दार मिटतानाचा खण्ण असा आवाज पहाटे दूध तापवायला उठलेल्या माणसाचे गुपित घरभर करतो, पण त्याला माझी हरकत नाही. ठकीला तो आवाज कळतो आणि गेट लागले आहे हे मलाही न बघता समजते.

गणपतीत गेटाची खरी परीक्षा झाली, आणि खरे तर ती माणसांचीच होती. नव्वद अंशांच्या पलीकडे लोटले की दार उघडेच अडकून राहते, ही सोय ताटे नेण्याआणण्यासाठी चांगली आहे आणि घातकही. येणाऱ्या प्रत्येक मावशी-काकूला खटका ओढून उचलण्याची पद्धत शिकवणे शक्य नव्हते. काहींनी गेट सरळ ओलांडले, काहींनी उघडे टाकले. शेवटी सासूबाईंनी खुर्ची टाकून तिथेच बैठक मारली आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाला बजावले, “अगं, आधी ते फाटक लाव, मग मोदकांना हात लाव.” एका दिशेनेच दार उघडावे म्हणून खालच्या बाजूला बसवायची एक लहान अडकण खोक्यात असते, ती लावली तर दार दिवाणखान्याच्या बाजूलाच उघडते आणि कुत्र्याने बाहेरून ढकलले तर ते उलट चौकटीवर आणखी दाबले जाते. माहितीपत्रकात तिचा उल्लेख शेवटच्या चित्रात, तोही धूसर आहे. ती जरूर लावावी.

सासूबाईंच्या खोलीसाठी मात्र हे गेट मी घेतले नाही आणि कुणी वृद्ध माणूस राहत असलेल्या खोलीला ते लावूही नये, तळाच्या त्या पट्टीमुळे. तिथे दार आहे, पण त्याला आजकाल सगळीकडे असते तसे आडव्या दांडीचे मॉर्टिस हँडल होते. हे हँडल दुखऱ्या बोटांना सोपे जाते, कारण नुसता हात टाकला की ते खाली जाते. आणि नेमक्या त्याच कारणाने ते कुत्र्यालाही सोपे जाते. ठकी दोन पायांवर उभी राहून हँडलवर पंजा टाकते, दार आतल्या बाजूला उघडत असल्याने अंगाच्या भाराने ते आपसूक ढकलले जाते. गोल नॉब बसवला असता तर तिचा प्रश्न मिटला असता आणि सासूबाईंचा सुरू झाला असता. बाहेरून उंचावर कडी लावण्याचा सल्ला अनेक जण देतात, पण आत वयस्क माणूस असताना बाहेरून कडी लावणे मला मुळीच मान्य नाही. सुताराने सुचवलेला उपाय साधा होता : बाहेरच्या बाजूचे हँडल काढून, उभे राहील असे फिरवून बसवायचे. आता ते उघडायला दांडी खाली दाबायची नसून बाजूला वळवायची असते. आतले हँडल पूर्वीसारखेच आडवे आहे, त्यामुळे सासूबाईंना खोलीतून बाहेर पडताना काहीच निराळे करावे लागत नाही. सगळ्याच कुलपांत असे फिरवता येत नाही, तेव्हा सुताराला आधी दाखवून घ्यावे. मजुरीपलीकडे याला खर्च आला नाही.

गेटासोबत शिकवणे लागतेच, आणि या बाबतीत विक्रेते जाहिरातीत गप्प असतात. आम्ही गेटाच्या बाहेर, स्वयंपाकघरात काय चालले आहे ते दिसेल अशा जागी तिची सतरंजी टाकली आणि तिथे शांत बसली की अधूनमधून बक्षीस देण्याचा क्रम ठेवला, त्यात काकडीचा तुकडा किंवा उकडलेल्या गाजराची चकती. आत घुसून मिळते त्यापेक्षा बाहेर बसून जास्त मिळते, हा व्यवहार तिला पटला. पण गेटाआतून कुणी एकाने लाडाने पोळीचा तुकडा दिला तर सगळे बिघडते, कारण कधीतरी आणि अनिश्चित मिळणाऱ्या घासाची आशा नेहमी मिळणाऱ्या घासापेक्षा चिवट असते. आमच्याकडे तो कुणी एक म्हणजे माझे यजमान. दार अडवण्यासाठी विजेचा सौम्य झटका देणाऱ्या चटया आणि पट्टेही विकले जातात. वेल्समध्ये असे झटक्याचे पट्टे २०१० पासून बेकायदा आहेत आणि आपल्या घरातही त्यांना जागा असू नये असे माझे मत आहे. दाराशी दुखते एवढेच कुत्रा शिकतो, आणि दाराशी माणसेही असतात.

ज्यांचे घर स्वतःचे आहे त्यांनी फॅब्रिकेटरचा पर्याय अवश्य विचारात घ्यावा. वागळे इस्टेटच्या बाजूला चौकोनी पाइपाचे अर्धे दार मापानुसार बनवून देणारे बरेच कारागीर आहेत. आम्ही असे एक दार एका नातेवाइकांकडे पाहिले. बिजागऱ्या चौकटीत पक्क्या बसवलेल्या, तळाला पट्टी नाही, पूर्ण रुंदी मोकळी, आणि उंचीही सांगाल तेवढी. त्यात दोष एकच होता, कडी साधी, वर उचलायची होती. कारागिराला स्प्रिंगचा बोल्ट आणि त्याला आडवी पिन मागितली तर तो देतो, पण मागावी लागते. चौकटीला छिद्रे पाडावी लागत असल्यामुळे भाड्याच्या घरात मालकाच्या परवानगीशिवाय हे करता येणार नाही, आणि अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्यांना दाबाचे गेटच सोयीचे. घर सोडताना ते उचलून नेता येते. घोटलेल्या दगडावर वाटीचा डाग राहिलाच तर रॉकेलच्या बोळ्याने निघतो, लाकडाच्या पॉलिशवर मात्र गोल ठसा उरतो.

उंच गेटासाठी आम्हाला साडेचार हजारांच्या आसपास खर्च आला. मुंबईच्या हवेत पावडर कोटिंग अजून शाबूत आहे, फक्त स्क्रूच्या आट्यांवर, जिथे रंग नसतोच, तिथे तांबूस गंज दिसू लागला होता. तिथे थोडे ग्रीस लावले. वाट्यांचा आणि रबरी गाद्यांचा जादा संच खोक्यात येत नाही आणि नंतर मागवला तर मिळेलच असे नाही. खरेदीच्या वेळीच विक्रेत्याकडे तो मागून घ्यावा, आणि तो देत नसेल तर तसाच संच सोबत देणारे दुसरे गेट पाहावे.